बर्फीचा एक कान उभाच राहतोय! (रफ कॉली, वय ५ महिने)

शेवंती_नागपूर | ११ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. या विभागात बरेच दिवस वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे बर्फी नावाची रफ कॉली आहे, लांब केसांच्या मेंढपाळी कुत्र्यांची जात. सेबल-पांढरी, म्हणजे रंग थेट आपल्या संत्रा बर्फीचा, म्हणून ते नाव. परवा ५ महिन्यांची झाली. घरी आली तेव्हा दोन्ही कान छान पुढे दुमडलेले होते. गेल्या ३ आठवड्यांपासून उजवा कान सरळसोट उभा आहे. डावा सकाळी दुमडलेला असतो आणि संध्याकाळी विमानाच्या पंखासारखा आडवा.

शेजारचे काका रोज गेटवरून बघतात आणि म्हणतात, "अल्सेशियन मिक्स दिलं तुम्हाला." सासऱ्यांच्या मते कॅल्शियम कमी पडतंय, त्यांनी सिरपची बाटली आणूनही ठेवली आहे. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना फोन केला, तर म्हणाले कान ग्लू करा, नाहीतर कुत्र्यांच्या शोला चालणार नाही. कशानं ग्लू करू विचारलं तर "व्हिडिओ बघा ना ऑनलाइन". हे ऐकून नवरा ड्रॉवरमधून ते झटक्यात चिकटणारं दोन थेंबांचं ट्यूब घेऊन आला. त्याला हाकललं आणि इथे आले.

खरंच मिक्स असेल का? आणि कानाचं काही करावं लागतं का? फोटो जोडलाय.

बर्डीचा_बोका | ११ जून, रात्री १०:०२

एक कान आकाशवाणीला, एक दूरदर्शनला. सेटिंग बरोबर आहे, हात लावू नका.

जुनं_खोड | ११ जून, रात्री १०:५५

ताई, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आधी दोन गोष्टी सांगा. उजवा म्हणजे तिचा उजवा, की फोटोत आपल्याला दिसतो तो उजवा? आणि तिचं तोंड उघडून पाहा, पुढचे दात पडले का, सुळे हलतात का. पिल्लाच्या कानाचं उत्तर बहुतेक वेळा तोंडात सापडते.

शेवंती_नागपूर | ११ जून, रात्री ११:१०

तिचा उजवा... थांबा, फोटो सेल्फी कॅमेऱ्यानं काढलाय, उलटा आलाय. हो, तिचाच उजवा.

पुढचे दात नवे आलेत. वरचे दुधाचे सुळे अजून आहेत, एक हलतोय. काल झाडताना सोफ्याखाली एक दात सापडला. मी आधी तांदूळ समजून सुपलीत घेतला होता.

जुनं_खोड | १२ जून, सकाळी ६:२०

मग झालं तर. फुटाळ्यावरून फिरून आलो, आता निवांत लिहितो.

दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा काळ साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ६-७ महिन्यांपर्यंत चालतो. या दिवसांत कॉलीच्या पिल्लाचे कान रोज नवा खेळ करतात. आज एक वर, उद्या दोन्ही वर, परवा दोन्ही खाली. माझ्याकडे धरमपेठेतल्या जुन्या घरात १९८४ पासून कॉली होत्या, चार पिढ्या पाहिल्या. त्यातल्या एकीचे कान सातव्या महिन्यापर्यंत वटवाघळासारखे उभे होते. मी नाद सोडला आणि दिवाळीनंतर पाहतो तर टोकं आपोआप वाकलेली! उलटंही झालं आहे. सहा महिन्यांपर्यंत कॅलेंडरवर छापावे असे कान होते, ते नंतर उभे झाले आणि शेवटपर्यंत उभेच राहिले.

मिक्स म्हणाल तर एका कानावरून असा निकाल लागत नाही. शुद्ध कॉलीतही उभे कान निघतात, चांगल्या चांगल्या घराण्यांत निघतात. तुमच्या काकांना म्हणा, अल्सेशियनची तर दोन्ही कानं उभी असतात, मग डावा कोणाचा?

आता बरोबर कान म्हणजे कोणता. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं रफ कॉलीचं स्टँडर्ड, म्हणजे जात कशी दिसावी त्याचे नियम, १५६ नंबरचं, आखूड केसांच्या स्मूथ कॉलीचं २९६. मूळ देश ब्रिटन, त्यामुळे मजकूर तिथलाच. त्यात म्हणतात की कान लहान असावेत, डोक्यावर एकमेकांना फार खेटून नसावेत आणि एकमेकांपासून फार दूरही नसावेत. कुत्रा आरामात असताना ते मागे पडलेले असावेत. सावध झाला की पुढे यावेत, दोन-तृतीयांश उभे, वरचा एक-तृतीयांश पुढे कलंडलेला, तोही आपसूक. अमेरिकेचं स्टँडर्ड म्हणते तीन-चतुर्थांश उभा आणि एक-चतुर्थांश वाकलेला. म्हणजे रुपयात चार आणे वाकवायचे की पाच आणे चार पै, यावर आम्ही शोच्या मांडवात चहाचे किती ग्लास रिकामे केले त्याचा हिशोब नाही.

तुमच्या फोटोवरून मात्र मी काहीच सांगणार नाही. ती कूलरसमोर पसरून जीभ काढून धापा टाकून राहिली आहे. अशा वेळी कान मागेच जातात. जमिनीवर मांडी घालून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, दुसऱ्या कोणाला तुमच्या मागून बिस्किटाचा पुडा वाजवायला सांगा, आणि ज्या क्षणी ती कान टवकारेल तो फोटो काढा. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत चांगला कानही बिघडलेला दिसतो.

एवढा आटापिटा कानासाठी का, तर कॉलीची सगळी मजा चेहऱ्यात आहे. आम्ही त्याला एक्स्प्रेशन म्हणतो. सपाट माथा, बदामी डोळे थोडे तिरके, आणि त्यावर ते अर्धवट झुकलेले कान. कान सरळ उभा राहिला की तोच चेहरा कोल्ह्यासारखा कडक होतो. कान मुळापासूनच बाजूला पडला तर रात्रपाळी करून आल्यासारखा दिसतो. मोठा कान तर आणखी अवघड, त्याचं ओझं त्यालाच उचलत नाही.

धनगरवाडा | १२ जून, दुपारी १:१५

काका, माहिती झकास. पण एक खोडसाळ प्रश्न. मूळ कुत्रा स्कॉटलंडच्या मेंढपाळांचा. मेंढ्या कानाचे आणे मोजतात का? आमच्या मामाच्या वाड्यावरचे कुत्रे पाहा, एकाचा कान उभा, एकाचा पडका, एकाचा लांडग्यानं फाडलेला. काम तिघंही चोख करतात.

जुनं_खोड | १२ जून, दुपारी ४:४०

प्रश्न बरोबर आहे. कामाशी त्या दुमडीचा काही संबंध नाही. बॉर्डर कॉली, जी आजही मेंढ्या वळवते, तिच्या स्टँडर्डमध्ये उभा आणि अर्धउभा दोन्ही चालतात. आपल्या कॉलीचं हे सगळं शोचं लेणं आहे. १८६० साली बर्मिंगहॅमच्या शोमध्ये या मेंढपाळी कुत्र्यांचा वेगळा वर्ग पहिल्यांदा ठेवला. त्याच दशकात व्हिक्टोरिया राणीनं बाल्मोरलला हे कुत्रे पाळले आणि मग काय, मोठ्या घरांतून मागणी सुरू. १८८१ साली इंग्लंडात कॉली क्लब निघाला. मेंढपाळ कुत्रा पायावरून निवडत होता, हे लोक चेहऱ्यावरून निवडायला लागले. मीही त्यातलाच एक, नाकारत नाही.

ऋतुगंध | १२ जून, सायं. ७:०५

मग ग्लू हा प्रकार तर सरळ फसवणूक नाही का? स्टँडर्डच म्हणतंय की कान आपसूक दुमडला पाहिजे. आपण तो चिकटवून दुमडायचा, आणि परीक्षकानं म्हणायचं वा काय नैसर्गिक! बरं, असा कुत्रा जिंकतो, त्याला पिल्लं होतात, आणि घेणाऱ्या शेवंतीताई पुन्हा धागा काढतात.

जुनं_खोड | १२ जून, रात्री ९:३०

ऋतुगंध, तुमचा टोला बसला. मी स्वतः कान चिकटवले आहेत. आमच्या वेळी टोकावर चिकटपट्टीचे थर देऊन वजन करत, दुमडीवर लॅनोलिनचं मलम चोळत. आता कापडाचा किंवा खोट्या पापण्यांचा सौम्य गोंद वापरतात. टोक पुढे दुमडून कानाच्या आतल्या केसांना चिकटवायचं, कातडीला नाही. दर काही दिवसांनी सोडवून, पुसून, सुकवून पुन्हा लावायचं. हे दात येण्याच्या काळातच, कूर्चा मऊ असेपर्यंत. वर्षाच्या कुत्र्यावर केलं तर काढल्याबरोबर कान टुणकन उभा!

माझी बाजू एवढीच की ज्याचा कान मुळात काठावर आहे त्याला थोडा आधार मिळतो. पिल्लाचा पाय वाकडा पडू नये म्हणून आपण गुळगुळीत फरशीवर चटई टाकतो, तसं. आणि शोमध्ये गोंद लावून कोणी उतरवत नाही. रिंगमध्ये कान स्वतःच्या बळावर राहावा लागतो.

पण पिल्लांच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. गोंदानं टोक वाकते, पुढच्या पिढीत तो कान पुन्हा आपल्या मनासारखा उभा. मी जिला वर्षभर चिकटवली तिच्या ५ पिल्लांपैकी ४ उभ्या कानाची निघाली. ही गोष्ट मी तेव्हा घेणाऱ्यांना सांगितली नव्हती. आज सांगतो.

ऋतुगंध | १२ जून, रात्री ९:५२

हे लिहिल्याबद्दल आदर वाटला काका. मुद्दा सोडत नाही मात्र. :)

डॉ_गोठेवाले | १३ जून, सकाळी ८:१०

पशुवैद्य आहे, शिक्षण नागपूरच्याच सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं. नागपूरची नावं वाचून ते दिवस आठवले म्हणून लिहायला बसलो.

शेवंतीताई, ती सिरपची बाटली आधी परत करा. कान हाडाचा नसतो, लवचीक कूर्चेचा असतो. कॅल्शियम पाजून तो उभा होत नाही आणि दुमडतही नाही. पिल्लू चांगल्या पपी फूडवर असेल तर वरून कॅल्शियम देऊच नका. लहान पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते शोषलं जातं, आणि वाढत्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडं-सांधे बिघडतात. दात येताना कान हलतात हे सगळे पाहतात, तेवढ्यावरून "कॅल्शियम दाताकडे वळलं" ही गोष्ट रचली गेली.

कान उभा की पडका यात आनुवंशिकतेचा हात मोठा. १० व्या गुणसूत्रावरचा एक भाग, एमएसआरबी३ या जनुकाच्या आसपासचा, वेगवेगळ्या जातींच्या तुलनेत पुन्हा पुन्हा सापडला आहे. पण कॉलीसारखा मधलाच झुकलेला कान एका बटणावर चालत नाही. कूर्चेची जाडी, कानाचा आकार, डोक्यावरची जागा, टोकावरच्या केसांचं वजन, सगळं मिळून ठरतं.

ग्लू करायचाच असेल तर माझ्या दोन अटी. नागपूरच्या पावसाळ्यात करू नका, आणि कानाच्या नळीवर झाकण बसेल असं तर कधीच करू नका. आत दमट झालं की यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतं. एखादा कान अचानक खाली पडला, वास आला, कुत्रा डोकं झटकू लागला तर ते कानाचं वळण नाही, तो आजार आहे.

आणि हे विषयाला सोडून, पण कानापेक्षा दसपट महत्त्वाचं. कॉलीला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ देऊ नका. आपल्याकडे गोचीड दिसली, खरूज दिसली, कान खाजला की सर्रास टोचतात. कॉलीत एमडीआर१ नावाच्या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे मेंदूभोवतीचा पहारा ढिला पडतो आणि औषध आत शिरतं. अमेरिकेतल्या पाहणीत १० पैकी सुमारे ७ कॉलींमध्ये या जनुकाची निदान एक सदोष प्रत मिळाली. हार्टवर्मच्या (हृदयातल्या जंतांच्या) गोळीत याच औषधाचा डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, तो चालतो. खरजेसाठी ३०० ते ६०० देतात, तो जीवघेणा. जुलाबावरचं लोपरामाइडही नको. गालाच्या आतून स्वॅब घेऊन तपासणी होते, ती करून घ्या.

धनगरवाडा | १३ जून, सकाळी ८:४५

बापरे. म्हणजे नुकतंच जंताचं औषध दिलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या खाल्ल्या तरी?

डॉ_गोठेवाले | १३ जून, सकाळी ९:००

हो. औषध शेणा-लेंड्यांतून बाहेर पडतं. तशा विषबाधा झालेल्या आहेत.

जुनं_खोड | १३ जून, सकाळी ११:२५

डॉक्टरसाहेब, हे वाचून पेपर बाजूला ठेवला.

१९९३ चा पावसाळा. माझी राणी, तिसऱ्या पिढीची, तिच्यासारखे कान मी पुन्हा पाहिले नाहीत. टोकं अशी पडायची जशी कोणी बोटानं पान दुमडून खूण ठेवली आहे. अंगावर गोचीड फार झाले होते. एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं. संध्याकाळी लाळ गळायला लागली. रात्री जिन्याची पायरी चुकली. बॅटरी डोळ्यांवर मारली तर बाहुली हलली नाही, तिला दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. आम्ही समजलो साप चावला. कॉलीला हे सोसत नाही हे परदेशात ऐंशीच्या दशकातच लक्षात आलं होतं. आमच्यापर्यंत आलं नाही. जनुकाचा उलगडा २००१ साली झाला, तो मी वाचला २०१० नंतर केव्हातरी.

तेव्हा ताई, कान उभा राहू द्या, आडवा राहू द्या. डॉक्टरांचा तो परिच्छेद छापून तिच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा.

शेवंती_नागपूर | १३ जून, दुपारी १२:१०

टाचला, लाल पेनानं चौकट करून. सिरप दुकानदारानं परत घेतलं नाही, पण बाटली सासऱ्यांच्या कपाटातून गेली.

शेवंती_नागपूर | १९ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, आणि आधीच कबूल करते की ऐकलं नाही. बिस्किटाच्या पुड्याची चाचणी केली, उजवा कान पूर्ण उभा आणि डावा मस्त वाकलेला. डाव्याचं बघून उजव्याचा मोह झाला. ब्रीडरही रोज मेसेज करत होते. म्हणून जूनच्या शेवटी उजव्याला कागदी वैद्यकीय टेप लावली. वाटलं, गोंद तर नाही ना.

१० दिवस कान छान दिसला. मग तुम्हाला आठवत असेल तो सलग ४ दिवसांचा पाऊस. पाचव्या दिवशी बर्फी डोकं तिरकं करून चालायला लागली. टेप काढली तर आत तपकिरी मळ, आणि वास आंबलेल्या इडलीच्या पिठाचा. कान मुळापासून पडलेला.

रविवार होता, नेहमीचे डॉक्टर गावाला. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. त्यांनी लांबूनच बघितलं, "कानात किडे आहेत, एक इंजेक्शन मारू, तीन दिवसांत साफ" म्हणाले आणि बाटली हातात घेतली. मी नाव विचारलं. आयव्हरमेक्टिन! मी कार्ड पुढे केलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही २० वर्षं देतोय, काही होत नाही." मी बर्फीला टेबलावरून उचललं. १६ किलोचं धूड, दोन्ही हातांत, चपला तिथेच राहिल्या. नवरा फी देऊन चपला घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांनी कानाचा मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. किडे नव्हतेच, यीस्ट होतं. धुण्याचं औषध आणि थेंब दिले. आता वास नाही. स्वॅबही पाठवलाय.

डॉ_गोठेवाले | १९ जुलै, रात्री १०:५८

चपलांची किंमत माझ्याकडून घ्या. थेंब सांगितलेले पूर्ण दिवस घाला, बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका. गोचिडांसाठी फ्लुरालेनरसारखी गोळी आहे, ती या जनुकाच्या कॉलींवर तपासलेली आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

बर्डीचा_बोका | १९ जुलै, रात्री ११:२०

जून महिन्यात इथे टवाळी करून गेलो होतो. आज पूर्ण धागा वाचला. वहिनी, एक नंबर.

ऋतुगंध | २० जुलै, सकाळी ७:४०

टेपबद्दल मी काही बोलत नाही. :) मात्र कधी पिल्लं घ्यायचं ठरलं तर नराचे कान नैसर्गिक आहेत का, एवढं तोंडावर विचारा. आणि नर-मादी दोघंही मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद डागांच्या, रंगाची नकोत. ते देखणे दिसतात, पण दोन मर्लच्या पिल्लांत बहिरी आणि आंधळी निघतात. कान कितीही सुरेख असला तरी त्यातून ऐकू यायला नको का?

शेवंती_नागपूर | २१ डिसेंबर, दुपारी ३:१५

शेवटची खबर. स्वॅबचा निकाल आला, एक प्रत सदोष, एक चांगली. आयव्हरमेक्टिन कायमचं बंद, कार्डावर आता डॉक्टरांच्या सहीनंच लिहिलंय.

सगळे दात ऑगस्टमध्येच आले. पिल्लं घ्यायचा विचार नाही, आणि शोलाही नाव घातलं नाही. ब्रीडर नाराज आहेत. बर्फी आता ११ महिन्यांची, थंडीत आयाळ भरून आलीय. सकाळी अंबाझरीला लोक थांबून फोटो काढतात.

आणि कान. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही वर येतात. मग एक टोक हळूच पुढे पडतं, काकांनी म्हटल्याप्रमाणे पान दुमडल्यासारखं. दुसरा तसाच, थेट आढ्याकडे. फोटो जोडलाय, यावेळी जमिनीवर बसून, पुडा वाजवून.

जुनं_खोड | २१ डिसेंबर, सायं. ५:५०

फोटो मोठा करून पाहिला. चेहरा गोड आहे हो. वाकलेल्या कानाचं वळण माझ्या राणीच्या जवळपासचं. पण ताई, मला जो डावा उभा दिसून राहिला तो तिचा कोणता?

शेवंती_नागपूर | २१ डिसेंबर, सायं. ६:०४

तिचा उजवा, काका. यावेळी मागचा कॅमेरा वापरलाय.